कम्प्युटर चांगला चालतोय, मग विंडोज ११ त्याला नको का म्हणतंय?

‘हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाही.’

हा मेसेज तुम्ही स्वतः पाहिला नसेल, तर तुमच्या ओळखीतल्या कुणीतरी नक्की पाहिलाय. तहसील कचेरीसमोर उत्पन्नाचे दाखले काढून देणारं महा ई-सेवा केंद्र असेल, पाथर्डीच्या पेठेतलं झेरॉक्सचं दुकान असेल, श्रीरामपूरची एखादी पतसंस्था असेल. नाहीतर लॉकडाऊनमध्ये पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतलेला घरचा सेकंडहँड डेस्कटॉप असेल. कम्प्युटर चालू आहे, प्रिंट निघतेय, टॅली उघडतंय. बिघडलेलं काहीच नाही, आणि तरी कंपनी म्हणतेय की याला आता पुढची गाडी मिळणार नाही.

नगरला (म्हणजे आता अहिल्यानगरला, जिल्ह्याचं नाव बदलून ऑक्टोबर २०२४ पासून सवय करायची चाललीच आहे) दुरुस्तीवाल्याकडे असा कम्प्युटर नेला की साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘नवीन घ्या.’ दुसरं, ‘मी टाकून देतो ना, काही होत नाही.’ दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. म्हणून म्हटलं जरा खोलात जाऊ.

१४ ऑक्टोबर २०२५ ला नेमकं काय झालं?

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने एका कार्यक्रमात सांगून टाकलं होतं की हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन, आता यातच भर पडत जाईल. लोकांनी ते धरून ठेवलं. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि ‘शेवटचं’ हा शब्द हवेत विरला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला.

सपोर्ट थांबला म्हणजे कम्प्युटर बंद पडला, असं नाही. १५ तारखेच्या सकाळीही तो तसाच सुरू झाला. बंद झाली ती दर महिन्याची डागडुजी. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फटी असतात आणि त्या सापडत राहतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बुजवायचा पॅच पाठवतं. आता फटी सापडत राहणार, बुजवायला कुणी येणार नाही. त्यातही गंमत म्हणजे विंडोज ११ चा पॅच आला की हल्लेखोर तो उलगडून बघतात आणि तीच फट विंडोज १० मध्ये आहे का ते शोधतात. म्हणजे नव्या घराची दुरुस्ती हीच जुन्या घराच्या चोराला मिळालेली टीप.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ आठवा. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका फटीचा पॅच दिला. ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय आदळला. दीडशेहून जास्त देशांतले कम्प्युटर कुलूपबंद झाले, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले, आंध्र प्रदेश पोलिसांचे कम्प्युटर अडकले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि २७ जून २०१७ ला आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. नगर-नाशिकचा कांदा परदेशात जातो तो याच बंदरातून. नॉटपेट्या पसरला त्या वाटांपैकी एक वाट तीच मार्चमधली फट होती.

अर्थात पूर्ण खरं सांगायचं तर नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे अपडेट न करणाऱ्यांना फटका बसला आणि अपडेट करणाऱ्यांनाही. ‘अपडेट केलं की घोळ होतो’ असं म्हणणारा दुकानदार अगदीच अडाणी नसतो, एवढंच.

त्याच्या म्हणण्याला आणखीही पुरावे आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चा एक मोठा अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल्सच उडवून गेला आणि कंपनीला तो काही दिवसांत थांबवावा लागला. त्याआधी २०१६ मध्ये विंडोज ७ वाल्यांच्या मागे १० टाका म्हणून एवढा तगादा लावला होता की खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी अपग्रेडला होकार धरला जायचा. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा कामाचा कम्प्युटर असा न विचारता झालेल्या अपग्रेडने निकामी झाला. त्या कोर्टात गेल्या आणि १०,००० डॉलर घेऊन आल्या. आपल्याकडे एवढा वेळ कुणाकडे आहे?

मग अडतंय कुठे?

विंडोज ११ च्या अटींमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे. ती बहुतेकांकडे असते. (४ जीबीवर ते चालतं म्हणजे रडतखडत चालतं, ते सोडा.) खरे अडथळे तीन आहेत : टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची यादी.

टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची एक छोटी चिप, किंवा प्रोसेसरच्या आतच केलेली तशी सोय. तुमचा पासवर्ड, डिस्कचं कुलूप यांच्या किल्ल्या ती स्वतःच्या पोटात ठेवते. तिला विचारलं तर ती ‘किल्ली बरोबर आहे की नाही’ एवढंच सांगते, किल्ली बाहेर देत नाही. सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा वॉचमन. विंडोज सुरू होण्याच्या आधीच एखादा व्हायरस आत शिरून बसला तर अँटिव्हायरसला तो दिसतच नाही. हा वॉचमन सुरू होतानाच सही-शिक्का तपासतो. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, हे मान्य करायला हवं.

यातली पहिली मजा अशी की खूप कम्प्युटरमध्ये टीपीएम असतो, पण बंद असतो. तयार करताना कुणी चालूच केलेला नसतो. कम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये गेलं की इंटेलच्या मशीनवर तो ‘पीटीटी’ नावाने आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ नावाने सापडतो. तो चालू केला की काही जणांचा ‘नको’ क्षणात ‘चालेल’ होतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप नेमकं कशामुळे अडलंय ते सांगतं. दुरुस्तीवाल्याला पैसे देण्याआधी ते एकदा चालवून बघा.

प्रोसेसरच्या यादीत मात्र काही चालू-बंद करायची सोय नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची, एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे. तुमचा कुठला ते ओळखणं सोपं आहे. आय५-६५०० लिहिलं असेल तर सहावी पिढी, आय५-७४०० म्हणजे सातवी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी.

इंटेलची आठवी पिढी बाजारात यायला लागली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या गुढीपाडव्याला कुणी नवाकोरा कम्प्युटर घेतला असेल तर विंडोज ११ आलं तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता, आणि थेट बाद. बरं, सातव्या पिढीच्या अनेक मशीनमध्ये टीपीएम २.० आहे, सिक्युअर बूटही आहे. अडतंय ते फक्त यादीत नाव नाही म्हणून. आणि यादीला अपवादच नाही असंही नाही. सातव्या पिढीचा एक प्रोसेसर, आय७-७८२० एचक्यू, त्यांनी नंतर आत घेतला. तो कुठे होता? मायक्रोसॉफ्टच्याच सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमध्ये, जे ते त्या वेळीही विकत होते.

माझं मत विचाराल तर सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, पण रेघ जिथे मारली ती जागा सुरक्षेने ठरवलेली वाटत नाही. आणि त्या रेघेची किंमत कोण मोजतं ते बघा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी कम्प्युटर बदलतात. त्यांचे जुने डेल, एचपी, लेनोवो पुसूनपासून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून तालुक्याच्या गावांत येतात. जामखेड-कर्जतच्या दुकानात लागलेला ‘नवा’ कम्प्युटर बऱ्याचदा दुसऱ्या कुणाची उतरवलेली सहावी-सातवी पिढी असतो. कंपनीवाला आधीच आठव्या पिढीच्या पुढे गेलाय. रेघेच्या अलीकडे राहिला तो शेवटचा गिऱ्हाईक. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की या एका निर्णयामुळे जगभरात २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात.

‘टाकून देतो’ म्हणजे काय करतात?

रुफस नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. त्याने विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी वगळता येते. मग जुन्या मशीनवरही ११ बसतं आणि बऱ्याचदा ठीक चालतं. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलंय की अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर (२४एच२) फारच जुन्या प्रोसेसरवर, कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या, ते सुरूच होत नाही. त्यामुळे घरच्या मशीनवर प्रयोग म्हणून करायचं तर करा. जिथे गावाच्या ठेवींचा हिशोब आहे तिथे नको. आणि सेकंडहँड मशीन ‘विंडोज ११ टाकून मिळेल’ या बोलीवर घेत असाल तर आधी प्रोसेसरचा आकडा बघा. अकरा टाकलेलं असणं आणि अकराला मान्य असणं, यात फरक आहे.

याहून वाईट सवय म्हणजे फुकटचा ‘ॲक्टिव्हेटर’. विंडोज ओरिजनल दाखवायला जो प्रोग्राम चालवतात तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराला आत घेण्याआधी कुत्रा बांधून ठेवायचा, असा हा प्रकार. तिथे पॅचची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

यादीत नाव असलं तरी

समजा तुमचं मशीन पास झालं. तरी आपल्याकडे घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल इंग्रजी व्हिडिओंमध्ये कुणी बोलत नाही.

पहिली गोष्ट जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची. कितीतरी पतसंस्था, दूध संस्था आणि वजनकाट्यांवर डॉसमधले, फॉक्सप्रोमधले प्रोग्राम वर्षानुवर्षं चालू आहेत. लिहून देणारा माणूस केव्हाच पुण्याला गेलेला असतो, पण प्रोग्राम चोख असतो. हे १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोजवर चालायचे. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, आणि तिथे १६-बिट प्रोग्राम उघडतच नाही. डॉसबॉक्ससारखी सॉफ्टवेअर वापरून तो चालवता येतो, पण मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती काढताना पुन्हा नवी खटपट. शिवाय ३२-बिटवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. त्यामुळे अपग्रेडचं बटण दाबण्याआधी सेटिंगमध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघून घ्या.

दुसरी गोष्ट फॉन्टची. युनिकोड येण्याआधी मराठी लिहिलं गेलं ते कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे फॉन्ट वापरून. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं, दिसतं मराठी. कम्प्युटर फॉरमॅट झाला, फॉन्ट गेला, की पंधरा वर्षांचे ठराव, भाडेकरार, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन समोर येतात. फाइल खराब झालेली नसते, फक्त चष्मा हरवलेला असतो. म्हणून अपग्रेडच्या आधी ‘फॉन्ट्स’ नावाचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. अशा काही सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या डोंगलवर चालायच्या. त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का, हेही आधीच विचारा.

टायपिंगचंही तसंच. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे, आणि २०१९ च्या अपडेटपासून इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचा फोनेटिकही आलाय. पण टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टनवर बोटं बसवलेल्या माणसाला हे दोन्ही परके. त्याचा वेग निम्म्यावर येतो आणि बाहेर रांग लागलेली असते. ही अडचण कुठल्याही ‘किमान अटीं’च्या यादीत लिहिलेली नाही.

तिसरी गोष्ट डिजिटल सहीच्या टोकनची आणि बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनची. दोघांनाही ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरची नवी फाइल आधी उतरवून ठेवली नाही तर दाखल्यांचं काम अख्खा दिवस अडतं, आणि ते नेमकं ॲडमिशनच्या मोसमात अडतं.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते, पण तीच सगळ्यात महागात पडते. विंडोज ११ नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्कला आपोआप कुलूप लागतं. पुढे बायोसमध्ये काही बदललं, मदरबोर्ड बदलला, की स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आता आपल्याकडे ते खातं कुणी उघडलेलं असतं? दुरुस्तीवाल्याने, घाईत, कुठल्यातरी ईमेलवर. तो ईमेल आणि पासवर्ड तुम्हाला माहीत नसेल तर फोटो, फाइल सगळं आत आणि तुम्ही बाहेर. कुठलाही तज्ज्ञ ते उघडून देऊ शकत नाही. खातं स्वतःच्या ईमेलने, स्वतःसमोर उघडून घ्या.

लाईटचं सांगायला नको. अपडेट मध्यावर असताना लाईट गेली तर विंडोज बहुतेक वेळा मागे फिरतं, पण दरवेळी नाही. इन्व्हर्टर नसेल तर लाईट जायच्या वेळा टाळून बसा, लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर पाच-सहा जीबीची फाइल अर्ध्यावर डेटा संपवते. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की ती न विचारता उतरत नाही.

उसाच्या पट्ट्याला हे नवीन नाही

आपल्या जिल्ह्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची वाट दाखवली, तशी कम्प्युटरची वाट दाखवली कोल्हापूरकडच्या वारणानगरने. १९९८ मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावागावांत कम्प्युटरचं केंद्र, शेतकऱ्याने यायचं आणि आपलं टनेज, खताची उधारी बघायची. कौतुक खूप झालं. मग कम्प्युटर जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला, आणि प्रत्यक्षात त्यावर कारखान्याची माहिती बघण्यापलीकडे फारसं काही होत नाही हे दिसलं. पुढे संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. कम्प्युटर बाजूला ठेवला आणि तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर दिली. ते स्वस्तही पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलंही. हा प्रयोग केला होता मायक्रोसॉफ्टच्याच बंगळुरूच्या संशोधन केंद्राने!

म्हणजे नवं मशीन घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : या कम्प्युटरवर आपण नेमकं काय करतो?

आता करायचं काय?

घरचा विंडोज १० असेल तर सगळ्यात आधी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घ्या. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ नावाने ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. किंमत ३० डॉलर सांगितली जाते, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. मशीनवर विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं, मग ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. उशीर झाला असला तरी त्या तारखेपर्यंत केव्हाही नोंदणी होते. पतसंस्थेसारख्या ठिकाणी, जिथे सगळी मशीन एका सर्व्हरच्या डोमेनला जोडलेली आहेत, तिथे ही फुकट सोय चालत नाही. त्यांना एका मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. तिन्ही वर्षांचा हिशोब केला तर त्यापेक्षा यादीत बसणारं मशीन घेणं सोपं.

कम्प्युटरवर फक्त ब्राउझर, यूट्यूब, पोरांचा अभ्यास एवढंच चालत असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिता येतं. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवरच चालतात, आणि सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्सही बनवलंय. पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता ते आधी चालवून बघता येतं. पण दाखले, डिजिटल सही, बायोमेट्रिक यांचं काम असेल तर तुमच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर आहे का ते बघितल्याशिवाय हात लावू नका. टॅली त्यावर थेट बसत नाही.

आणि हार्ड डिस्कवर चालणारं जुनं मशीन ‘विंडोजमुळे स्लो झालं’ असं वाटत असेल तर एसएसडी टाका. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

राहिला तो वजनकाट्यावरचा किंवा दूध संस्थेतला डॉसवाला कम्प्युटर. त्याला अपग्रेड करायची गरज नाही. त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि त्याला फक्त तेवढंच काम करू द्या. डेटाची कॉपी रोज एका ठरलेल्या पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह गाणी भरायला घरी नेऊ नका.